पंचावन्न अंश

हमरियाच्या शेडमध्ये मँड्रेल फिरतो
आणि काचेचे धागे रेझिनच्या कुंडीत भिजून
त्याच्यावर तिरके चढत जातात.
पंचावन्न अंश. परतताना उणे पंचावन्न.

नव्या पोराने विचारलं, तिरके कशाला?
म्हटलं, होळीत वेळू फुटताना पाहिलायस?
उभाच फुटतो.
त्याच्या साऱ्या शिरा लांबीला धावतात,
घेराला आवरायला कुणी नसतं.
आतला दाब घेराला दुप्पट ताणतो,
म्हणून धागा थोडा इकडचा, बराचसा तिकडचा.

माझ्या पडद्यावर एक इवलं घर आहे:
मधोमध एक धागा, भोवती रेझिन.
त्या एका घरावरून मी अख्खा पाइप उभा करते,
शेजारी तेच घर, त्याच्या शेजारी तेच,
सगळे धागे सरळ, सगळ्यांत सारखं अंतर,
कुणी कुणाला खेटत नाही.
मॉडेल म्हणालं, चौऱ्याण्णव बार.

पाइप एक्क्याऐंशीलाच घामेजला.
फुटण्याआधी तो घामेजतो,
अंगभर बारीक थेंब,
बाहेर ऑगस्ट असताना ते थेंब कुणाचे
हे ठरवायला मला कापडाने पुसून पाहावं लागलं.
दुसरा ऐंशीला. तिसराही तसाच.

इश्तियाक मोमीन मशीनवर होता, मालेगावचा.
"मॅडम, नऊ नंबरची बॉबिन ढिली आहे.
वाजते ना."
मला काहीच वाजलेलं ऐकू आलं नाही.
इचलकरंजीत असते तर आलं असतं कदाचित.
आमचे अप्पा जॉबर; चोवीस मागांच्या खडखडाटात
तुटलेला एक धागा त्यांना पाठमोरं कळायचा.
त्या आवाजापासून लांब जायचं म्हणून मी शिकले,
आणि बघा, कुठे येऊन पोचले.

तुकडा कापला, घासला, काचेखाली धरला.
गोल धागा तिरका कापला की लांबट डोळ्यासारखा दिसतो,
डोळ्याची लांबी-रुंदी मोजून त्याचा कोन काढायचा.
तीनशे चाळीस डोळे मोजले.
एक्कावन्न. अठ्ठावन्न. त्रेपन्न. साठ.
बरोब्बर पंचावन्नचे
अकरा.
एका जागी धागे एकमेकांच्या अंगावर पडलेले,
लगेच शेजारी रेझिनचं डबकं, त्यात धागाच नाही.
भेग तिथून निघाली होती,
गर्दी आणि ओसाडी यांच्या बांधावरून.

त्या रात्री मी मॉडेलला वाकडेपणा शिकवला.
अंतरं विस्कटली, कोन थरथरू दिले,
नवव्या धाग्याचा ताण कमी केला.
संगणक पहाटेपर्यंत धापा टाकत होता.
मग म्हणाला, त्र्याऐंशी.
मॅनेजर हमदान साहेब हसले,
"एवढं राबून आकडा खालीच आणलात?"
हो म्हटलं. खालीच.

शेडमागे कामगारांच्या खोल्या आहेत,
एकेकीत आठ बंक, दोरीवर ओले शर्ट,
एकमेकांना खेटून, मग मध्येच मोकळी दोरी.
उपमा आयती चालून आली होती.
नाही घेतली.
धाग्याला वाकल्याचं दुखत नाही,
आणि त्याला दर महिन्याला घरी पैसे पाठवायचे नसतात.

शुक्रवारी अप्पांना फोन लावला.
त्यांना आता कमी ऐकू येतं, ओरडून सांगावं लागतं.
पंचावन्न अंश! ओरडले मी. काचेचा धागा! पाण्याचा पाइप!
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग विचारलं, "ताण कोण बघतं?"
"मालेगावचा एक जण आहे!"
"हाताने बघतो का कानाने?"
"कानाने!"
"मग ठीक आहे," म्हणाले,
आणि जेवलीस का ते विचारायला लागले.